माळकरी मांजरीचे आप्पा

"नुसतं नाकापुढं धर. माझ्या हातात नगं देऊ."

असं म्हणत आप्पा दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि काउंटरवरून पुढे वाकायचे. माझ्या तळहातावर मांजराच्या खाण्याचे चार दाणे असायचे. आप्पा डोळे मिटून लांबूनच वास घ्यायचे, थोडं थांबायचे, परत घ्यायचे. मग सरळ होऊन म्हणायचे, "हां. आता वाच. पयलं नाव कुणाचं?"

हात मागे बांधायचं कारण साधं होतं. आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि दाणे कोंबडीचे होते.

वरवंडला हायवेच्या कडेला आमचं पशुखाद्याचं दुकान आहे. यजमान टेम्पोवर असतात, दुकान मी बघते. सरकी पेंड, मक्याचा भरडा, गव्हाचा भुसा हा आमचा खरा धंदा. कुत्र्या-मांजरांच्या रंगीत पिशव्या अलीकडच्या. एमआयडीसीत नोकरीला आलेली मंडळी इकडे प्लॉट घेऊन बंगले बांधू लागली, बंगल्यांपाठोपाठ कुत्री आली आणि कुत्र्यांपाठोपाठ या पिशव्या. गावातला माणूस त्या रॅककडे बघून हसायचा. "मांजराला बी पाकीट लागतंय व्हय आता?" असं म्हणून पेंडीचं पोतं उचलून चालू पडायचा. तुम्ही कुठल्याही गावच्या दुकानात घटकाभर उभे राहा, हेच ऐकाल. आप्पाही त्यातलेच. किंबहुना त्या रॅकला सगळ्यात जास्त हसलेले तेच असतील.

त्यांचं नाव मुद्दामच सांगत नाही. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा, आपणही तेच म्हणू. घर धनगराचं. तरुणपणी मेंढरांमागं पार कोकणापर्यंत जाऊन आलेले. पुढे कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली, ऊस लावला, कांदा लावला आणि वस्ती कायमची झाली. अंगानं काटक, डोक्याला पांढरा पटका, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं हा माणूस भांडतोय. भांडत नसायचे. लांबच्या मेंढराला हाक मारायची सवय, ती चार फुटांवरच्या माणसालाही लागू व्हायची.

घरात खरी सत्ता त्यांच्या कारभारणीची, म्हणजे आमच्या मावशींची. माळ आधी तिनं घातली आणि तिच्या धाकानं मग आप्पांनी. "जन्मभर बकरी खाटकाच्या गाडीत चढवली आन् म्हातारपणी साधू झालो," असं ते स्वतःच सांगायचे. मावशी मात्र पक्क्या. घरात मटण-मासळी तर सोडाच, अंड्याचं नाव निघायचं नाही. एकदा त्यांचा मुलगा गाड्यावर ऑम्लेट खाऊन घरी आला, तर मावशींनी त्याला बाहेरच मोटारीच्या पाण्याखाली आंघोळ करायला लावली आणि मगच उंबरा ओलांडू दिला. हे आम्हाला त्यांच्या सुनेनं सांगितलं, तेही इकडेतिकडे बघून.

आता या घरात एक मांजर होती. राखी रंगाची, म्हणून भुरी. घरातल्या सगळ्यांच्या माळा झाल्यावर मावशींनी एक तुळशीचा मणी दोऱ्यात ओवून भुरीच्याही गळ्यात बांधला. त्यांचं म्हणणं, सगळ्यांना माळ मिळाली, मग हिनंच काय पाप केलंय? तुम्ही हसाल, आम्हीही हसलो. पण मावशी थट्टेत काही करत नसत. त्या दिवसापासून भुरी माळकरी झाली. तिला दूध-भाकरी, कधी ताक-भात. आणि भुरी एवढी गुटगुटीत कशी, तर मागे कांद्याची चाळ होती आणि चाळीत उंदरांना काही तोटा नव्हता. घरात अलिखित नियम होता. ती बाहेर काय करती ते आपण बघायला जायचं नाही. मला विचाराल तर अशा न बघण्यावरच निम्मे संसार चालतात.

मग मावशींना झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, शब्द अडकायला लागले. दवाखाने झाले, मालिश झालं, पण मावशी खाटेवरून उठल्या नाहीत. सगळं घर शेतात, दिवसभर त्या एकट्या. सोबतीला भुरी. भुरी खाटेवर चढून त्यांच्या डाव्या कुशीत बसायची आणि मावशी डाव्या हातानं तिला कुरवाळत राहायच्या. भुरी उठून बाहेर गेली की मावशी कासावीस व्हायच्या. म्हणून आप्पांनी दार ओढून घ्यायला सुरुवात केली. भुरी आतल्या आतच राहू लागली. चाळ सुटली, उंदीर सुटले. राहिली ती नुसती दूध-भाकरी. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण मुळात उंदीर कुणी मोजलेच नव्हते.

वर्ष होत आलं असेल. एक दिवस आप्पा दुकानात आले आणि त्यांनी काखेतली पिशवी काउंटरवर ठेवली. ही आमची नव्हती. हायवेवरच्या कुठल्याशा किराणा दुकानातून आणलेली.

"पोरी, ह्ये बघ. शोधून आणलंय. ह्याच्यावर हिरवा ठिपका हाय," आप्पा म्हणाले. चेहऱ्यावर केवढा अभिमान! "भुरी वाळत चाललीया, म्हनून म्या बी म्हनलं पाकीट घालू. पर शाकाहारीच बघितलं."

मी पिशवी फिरवून पाहिली. "आप्पा, हे कुत्र्याचं आहे."

"मंग? कुत्रं काय, मांजर काय!"

"खाते का ती?"

"थोडं खाती. पर आता खाटंवर उडी मारायची तर चुकती. धडाधडा पडती. दाराला धडकती." मग आवाज उतरला. त्यांचा आवाज उतरलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "आन् भुरी खाटंवर येत न्हाई म्हनून हिनं जेवन टाकलंय. सून भरवती तर त्वांड फिरवती. काल दिसभर नुसत्या पान्यावर हाय."

मी म्हटलं, आप्पा, इथं उभं राहून पिशव्या बघण्याचं हे काम नाही. दौंडला जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. दुसऱ्याच दिवशी भुरीला कांद्याच्या क्रेटमध्ये घालून, वर दुसरा क्रेट सुतळीनं बांधून आप्पा मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून दौंडला गेले. येताना थेट दुकानात. क्रेट मांडीवर, आत भुरी, भुरीच्या गळ्यात मणी.

"डाक्टर हसला न्हाई," हे त्यांचं पहिलं वाक्य. त्यांना बहुतेक तीच भीती होती. "म्हनला, आप्पा, ही शेळी न्हाई. गाय न्हाई. कुत्रं एक येळ भाकरीवर जगंल, मांजर न्हाई जगत. मांसात एक काय तरी असतंय त्ये तिच्या अंगात बनत न्हाई. त्ये मिळालं न्हाई म्हंजी डोळं जात्यात, काळीज बी दमतं. डोळ्याचं गेलं ते गेलं म्हनला. उरलंय त्ये वाचंल."

"मग आता?"

"मटन शिजवून घालनार का, म्हनून इचारलं त्यानं. म्या माळ दावली. मंग म्हनला, कोरडं खानं आना. ज्याच्यात मांस पयलं हाय, धान्य न्हाई. आन् शेजारी पान्याची वाटी भरून ठिवा." आप्पांनी रॅककडे बघितलं, ज्या रॅकला ते इतके दिवस हसत होते त्या रॅककडे. "काढ सगळ्या."

मी सगळ्या पिशव्या काउंटरवर मांडल्या. एकीवर हा मोठा मासा उडी मारतोय, दुसरीवर भाजलेली कोंबडी, तिसरीवर पांढरंशुभ्र मांजर. मी माशाची पुढे केली, कारण ती सगळ्यात जास्त खपायची.

"चित्र नगं सांगू. फ्लेक्सवर फोटू कुनाचा बी लावत्यात. आत काय हाय त्ये वाच."

मी मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. कशात किती माल आहे त्याप्रमाणे नावं लागतात, जास्त ते आधी, एवढं मला माहीत होतं. माशाच्या पिशवीवर पहिलं नाव मक्याचं निघालं. मासा पार खाली, मिठाच्या जरा वर. आप्पांनी ती पिशवी नुसत्या बोटानं बाजूला सरकवली. दुसरीवर पहिली कोंबडी, पण पाठोपाठ मका, मग मक्याचं ग्लुटेन, मग तांदूळ, मग तांदळाचा कोंडा.

"थांब," आप्पा म्हणाले. "ही धान्याची भावकी लय मोठी दिसती. येगळी येगळी ल्हिवली म्हनून खाली गेली. यकीला यक धरली तर कोंबडी मागं पडंल का न्हाई?"

"पडेल बहुतेक."

"आमच्या सोसायटीच्या मतदानात असंच असतंय. ठिव बाजूला."

तिसरीवर आधी वाळवलेली कोंबडी, मग कोंबडीची कलेजी, मग मासळीचं तेल, आणि धान्य त्यानंतर. नुसत्या ताज्या कोंबडीत पाणीच जास्त असतं, वाळवलेली असेल तर तिचं वजन खरं, हे मी डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. मांजराच्या अंगात जे बनत नाही असं ते म्हणाले होते, त्याचं नावही फोनवरच विचारलं, तर तेही यादीत होतं. ठिपका अर्थातच लाल. आप्पा खूश झाले. आणि तेवढ्यात मी पुढचं वाचलं. त्यात राखेचं प्रमाण दिलं होतं.

"राख?" आप्पा ओरडले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं दचकली. "एवढं चांगलं सामान घालून वर राख टाकत्यात व्हय? चुलीतली? वजन वाढवायला?"

 परत डॉक्टरांना फोन. डॉक्टर तिकडे कुठल्याशा गोठ्यात होते, मागे म्हैस ओरडत होती. त्यांनी सांगितलं, राख कुणी घालत नाही, ते खाणं जाळलं तर जे क्षार उरतात त्याला राख म्हणतात. आप्पांनी माझ्याकडून ते दोनदा ऐकून घेतलं. विश्वास बसला नाही, पण पिशवी घेतली. आणि मग तो वास. तो मात्र त्यांचा त्यांचाच. मेंढरांचा खुराक ते कायम नाकानं पारखायचे आणि नाकाला माळ नसते, असं त्यांचं मत होतं.

पिशवी घरात न्यायचा प्रश्नच नव्हता. ती राहायची विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत. सकाळ-संध्याकाळ आप्पा भुरीला काखेत मारून तिकडे न्यायचे. तिच्या गळ्यातला मणी काढून खिळ्याला अडकवायचे. मग पिशवीतून डबड्यानं दाणे काढायचे, हात न लावता. तिचं जेवण झालं की ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसायचे आणि मणी परत गळ्यात.

"आप्पा, हे हो काय?" मी एकदा म्हटलं.

"अगं, निम्मी माळकरी मंडळी ढाब्यावर जाताना ह्येच करत्यात," ते म्हणाले. "ही तर बिचारी औषध म्हनून खाती."

मावशींना सांगितलं होतं, नाचणीचं खाणं आहे. दौंडच्या डॉक्टरांनी दिलंय. आप्पांना या खोटेपणाचं फार वाटायचं. तिच्यासाठी माळ घातली आणि तिलाच फसवतो, असं एकदा पेंडीच्या पोत्यावर बसून म्हणाले. मी समजूत घातली, पण माझ्या समजुतीवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता.

खाणं मात्र लागू पडलं. भुरीच्या अंगावर लव आली, पाठीची हाडं झाकली. डोळे सुधारले नाहीत. भिंतीला मिशा घासत ती वाट काढायची आणि खाटेपर्यंत आली की थांबायची. मग आप्पा तिला उचलून मावशींच्या डाव्या कुशीत ठेवायचे. ज्या दिवशी हे पहिल्यांदा जमलं, त्या दिवशी आप्पा खास दुकानात आले. काही घेतलं नाही. "अर्धी भाकरी खाल्ली तिनं," एवढं सांगितलं आणि गेले. ते गेल्यावर मला रडू आलं. पेंडीच्या दुकानात रडायचं म्हणजे जागाही मिळत नाही.

पुढे ते माझ्या रॅकचे स्वयंघोषित मालकच झाले. कुणी मांजराचं खाणं घ्यायला आलं की हे मध्ये पडणार. कंपनीतला एक परप्रांतीय मुलगा माशाची पिशवी उचलत होता, तर आप्पा त्याला म्हणाले, "ए भैया, फोटू मत देखो. पीछे देखो, पयला नाम किसका है." त्याला वाटलं हेच दुकानाचे शेठ. माझी माशाची पिशवी आप्पांमुळे खपायची बंद झाली.

आणि प्रत्येक वेळी वाचायला लावायचे. पिशवी तीच, रंग तोच, तरी पहिल्यापासून वाच. मी वैतागायचे. "आप्पा, कालचीच आहे हो ती." तरी वाचायचे, कारण न वाचता ते हलायचे नाहीत. एकदा अशीच कंटाळून वाचत होते आणि पहिलं नाव तांदळाचं निघालं. कंपनीनं आतला माल बदलला होता, पिशवी तशीच ठेवून. आप्पांनी मला काही बोलून दाखवलं नाही. एवढंच विचारलं, "जुनी कुठं मिळंल?"

चार ठिकाणी फोन केले. शिरूरच्या एका व्यापाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीची एक पिशवी होती, तिच्यात कोंबडी पहिली होती. टेम्पो बाहेरगावी गेलेला. आप्पा थांबायला तयार नाहीत. चौफुल्यावरून एसटी धरून न्हावरेमार्गे शिरूरला गेले आणि पिशवी मांडीवर घेऊन, कोंबडीचं चित्र पोटाशी धरून परत निघाले. नशीब बघा, न्हावऱ्याला गाडीत चढले ते त्यांच्याच भजनी मंडळातले एक गृहस्थ. बसले नेमके शेजारी. वळणावर पिशवी फिरली आणि कोंबडी समोर आली.

"काय आप्पा, माळ उतरवली का काय?"

आप्पांनी सगळं खरं सांगून टाकलं. खोटं बोलायचं असतं तर भरडा आहे म्हणून सांगता आलं असतं, पण घरी एक खोटं सांभाळतानाच त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. "माळ माझ्या गळ्यात हाय," ते म्हणाले, "मांजराच्या पोटात न्हाई." गाडीतले लोक हसले. गृहस्थ हसले नाहीत. आठवड्याच्या आत त्यांची बायको मावशींना भेटायला जाऊन आली आणि तिनं सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा दुकानात येऊन नुसते बसून राहिले.  शेवटी तेच म्हणाले, "कळलं तिला."

"रागावल्या?"

"बोलत न्हाई. भुरीला जवळ घेतलं तर ढकलून देती. जेवन परत बंद." पटक्याच्या सोग्यानं त्यांनी तोंड पुसलं. "खरं सांगाय पायजे व्हतं गं पोरी. तिनं काय भुरीला मारून टाक म्हनलं असतं व्हय? माझाच भरवसा न्हवता तिच्यावर."

मी चहा मागवला. त्यांनी तो घेतला नाही.

पुढचं मला सुनेनं सांगितलं. त्या दिवशी घरी गेल्यावर आप्पा खाटेशेजारी बसले आणि डॉक्टर काय म्हणाले, भुरीचे डोळे कशानं गेले, सगळं मावशींना पहिल्यापासून सांगितलं. मावशी छताकडे बघत राहिल्या. मग डाव्या हातानं खूण केली, तिला आण. आप्पांनी भुरीला त्यांच्या कुशीत ठेवलं. मावशींनी तिच्या डोळ्यांसमोर बोट हलवून पाहिलं. भुरीनं मान हलवली नाही. तेव्हा मावशींनी तिच्या गळ्यातला दोरा बोटांत धरून ओढायला सुरुवात केली. एका हातानं तो तुटेना. आप्पांनी विळीवर कापला. मणी मावशींनी आपल्या उशाखाली ठेवला आणि दोन शब्द बोलल्या. "तिचं तिला." थोड्या वेळानं आणखी दोन. "घरात न्हाई."

म्हणजे भुरी सुटली, घर सुटलं नाही. पिशवी मोटारीच्या खोलीतच राहिली. पण आप्पांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. दुकानात येऊन पूर्वीसारखे ओरडून बोलायला लागले आणि मला बरं वाटलं.

आप्पा गेले ते ऊसतोडीच्या दिवसांत. सकाळी मोटार चालू करायला गेले आणि तिथेच बसले. मुलगा शोधत गेला तेव्हा भुरी त्यांच्या मांडीवर होती, म्हणतात.

दहावा झाल्यावर मी भेटायला गेले. दुखवट्याच्या घरी आपण पिठलं-भाकरी घेऊन जातो. मी तीही नेली आणि एका पोत्यात गुंडाळून भुरीचं खाणंही नेलं, कारण मांजराला सुतक कळत नाही आणि या गडबडीत तिच्याकडे कुणी बघितलं असेल असं मला वाटत नव्हतं. ओसरीवर भजनी मंडळातले चार-सहाजण बसले होते. मी पोतं दाराबाहेर टेकवलं. मुलगा हळूच म्हणाला, "वैनी, राहू द्या तिथंच. म्या मोटारीच्या खोलीत ठिवतो."

आतून खाटेवर हात आपटल्याचा आवाज आला. सुनेला वाटलं पाणी पाहिजे. मावशींनी पाणी बाजूला केलं. त्यांची नजर दाराकडे होती, पोत्यावर. डाव्या हातानं त्यांनी पोतं दाखवलं आणि मग खाटेखालची जमीन दाखवली.

 मीच पोतं आत नेलं आणि खाटेखाली सरकवलं. मावशींनी तळहात पुढे पसरला. मी म्हटलं, "मावशी, हे कोंबडीचं आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प पिशवी फाडली आणि दाणे त्यांच्या हातावर ठेवले.

भुरी भिंतीकडेनं मिशा घासत आली. खाटेच्या माच्याला पुढचे पाय लावून उभी राहिली आणि त्यांच्या हातावरचं खाऊ लागली. ओसरीवरची मंडळी दारातून बघत होती. मावशींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकड्या तोंडानं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या तिला म्हणाल्या,

"खा. आता मी हाय."